धोतरावरचा पोपट

नाही, तुम्हीच सांगा, माणसाच्या ढुंगणावर पोपट कोण काढतं? हिरवा पोपट! लाल चोचीचा! पायाखाली फांदी, फांदीला दोन पानं... आणि हे कुठं, तर माझ्या धोतरावर, बरोब्बर बसायच्या जागी! बसा, बसा, पण हसायचं ते हळू हसा, का ते नंतर सांगतो. आणि एवढ्या चैताच्या उन्हात मी हा काळा कोट घालून खाटेवर का पडलोय, तेही सांगतो, आधी पोपट. तर त्या पोपटावर बसून मी दोन दिवस गावभर हिंडलो, कोणी तोंडावर बोललं नाही, सगळे मागून हसत होते, आणि तिसऱ्या दिवशी पारावर तो उदेसिंग, आमचा शेजारी, आमच्या बांधावरचा लिंब स्वतःचा म्हणून सांगणारा उदेसिंग, मला म्हणतो, "धनसिंग आबा, तुमना राघूले दाना टाकू का?"

आपण बोललो नाही. नजर ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, पोपट काढला तर काढला, बाईमाणसाला हौस असते. हौस? आमच्या रेवाबाईला? पन्नास वर्षं झाली तिच्याशी लगीन लागून, सुई तिच्या हातात आली म्हणजे बैलाला टोचायची आर आली असं समजायचं! धोतर फाटलं तर दोन टोकं धरून गाठ मारते, झालं शिवण. एकदा माझ्या बंडीला तिनं कापसाच्या गोणीचं ठिगळ लावलं, त्यावर व्यापाऱ्याचा शिक्का, तो शिक्का पाठीवर घेऊन मी तळोद्याला एका लग्नात जेवलो, वाढणारा म्हणाला, माल कुठं उतरवायचा? अशी ही बाई! आणि ती आता पोपट काढते? मी विचारलं, हे काय आहे म्हणून. तर म्हणते, "नक्षी शे ती. फाटेल व्हतं, बुजाडं."

मी घरात गेलो, पोपट उलटा केला, आणि दाताने एक टाका उसवून बघितलं. तुम्हाला सांगतो, आत भोक होतं. आणि फाटलेलं भोक नव्हतं हो, कापलेलं! चार बोटं लांब, चार बोटं रुंद, काना-कोपऱ्यासकट चौकोनी! आता धोतर काय गुण्यानं चौकोनी फाटतं?

आणि माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून कोण नेतं, कशाला नेतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. लिंबू, टाचण्या, काळा दोरा आणि तो तुकडा... माणूस तिकडे वाळत जातो, आणि इकडे घरच्यांना वाटतं वय झालं.

मी तसाच उठलो आणि ते धोतर घेऊन तळोद्याच्या बाजारात शिंप्याकडे गेलो. शिवणयंत्रवाला शिंपी, शहाणा माणूस. त्यानं पोपट उन्हात धरला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला, आणि म्हणाला, "आबा, कापनारी कात्री घरनी शे, बोथी शे. आनि सिवनारी डावरी शे. दखा, टाका उलटा पडेल शे."

डावरी! आमच्या घरात डावरी एकच. सून! फुलवंता, जालमसिंगची बायको, निझरकडची. लगीन झालं तेव्हा सगळ्या बायका म्हणत होत्या की ही डाव्या हातानं वाढते, हिला वळण लावा. आणि भरतकाम म्हणाल तर निझरकडच्या पोरी दारावरची तोरणं, भिंतीवरचे चाकळे भरतच मोठ्या होतात. म्हणजे पोपट सुनेचा. आणि सून काही मला जाऊन विचारता येत नाही, सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, अलीकडे तर ती मला पाठच दाखवून बसते. माझ्याकडे पाठ कशाला? काय लपवायचं आहे?

आपण बोललो नाही. नजर ठेवली.

नजर ठेवली तर काय, धोतर ही नुसती सुरुवात! बंडीचा खिसा गेला, तिथं कमळ. फेट्याचं टोक गेलं, तिथं कैरी. उपरण्याला एक विंचू, म्हणजे मला विंचू वाटला, रेवाबाई म्हणते ती वेल आहे. मी घरातनं निघालो की कुत्री भुंकत, पोरं मागं लागत. वाणी म्हणाला, आबा, पुन्हा लगीन करताय का?

आणि एवढ्यात जसोदाबाई यायला लागली. आता जसोदाबाई कोण ते ऐका. गावात पोरं उपजवते ती जसोदाबाई, आणि मेलेल्याला शेवटची आंघोळ कशी घालायची ते सांगायलाही बोलावतात तिलाच. म्हणजे यायच्या दाराला ही आणि जायच्या दाराला पण हीच. ती माझ्यासमोर येऊन बसली, माझ्याकडे बैलबाजारात बघतात तसं बघितलं आणि म्हणाली,

"आबा, तुमनं वय काय व्हई?"

"कोनी मोजं?"

"छप्पनना दुष्काळमा केवढा व्हतात?"

"दोन पोरंसना बाप व्हतो!"

संवत छप्पनचा तो दुष्काळ म्हणजे चाळीसेक वर्षांमागचा, तिनं बोटं मोजली. दोन्ही हातांची मोजली, मग पुन्हा मोजली. मग म्हणते, "तोंड उघाडा बरं."

"काबरं?"

"दात दखस."

आणि हो, बघितले तिनं माझे दात! पदरातनं चार फुटाणे काढून दिले, म्हणाली चावा. मी चावले, कडाकड चावले, मला काय भीती आहे? मग विचारते, "तुमना बाप किती वरीस जगना?" मी म्हटलं, बैलानं पाडला नसता तर आजून इथं बसला असता! तर ही बाई रेवाबाईकडे वळली, मान हलवली आणि म्हणाली, "चालस."

चालस? काय चालस? कशाला चालस?

मग मला सगळं दिसायला लागलं हो. रेवाबाई भाकरीवर तूप जास्त घालते... का? शेवटचे दिवस गोड करायचे म्हणून! जालमसिंग मला नांगराला हात लावू देत नाही... का? जमिनीची सवय आतापासूनच! आणि सून कपडे कापते. मी मरायची वाट बघतायत, आणि वाट बघवत नाही म्हणून हात लावतायत!

मग मी काय केलं? डोकं चालवलं. दीड वर्ष शाळेत गेलोय, पण डोकं आहे. उदेसिंगच्या कुंपणावर त्याचा पट्ट्यापट्ट्याचा सदरा वाळत होता. माझाही पट्ट्यापट्ट्याचाच, अर्ध्या गावाचा तसलाच, एकाच दुकानातल्या एकाच ताग्यातला. मी तो उचलला, माझा लपवला आणि हा माझ्या खुंटीला टांगला. म्हटलं, करा काय करायचं ते, वाळत जाऊ दे उदेसिंग! तसंही त्याच्या घरात कोणी पन्नाशी ओलांडलेली नाही. बाप अठ्ठेचाळीसला गेला, काका एकोणपन्नासला, आणि हा आता पन्नाशीला टेकलाय, स्वतःलाच खोकला आला तरी दचकतो.

दुपारी सदरा कापला गेला. दुसऱ्या दिवशी छातीवर मोर. मी गुपचूप सदरा कुंपणावर नेऊन टाकला. संध्याकाळी उदेसिंग छातीवर मोर घेऊन पारावर आला, डोळे मोठे करून मला म्हणतो, "आबा, मन्हा सदराले कोनी हात लावा?"

मी म्हटलं, "मोर सोता उना व्हई. तुन्हा बांधवर लिंब शे ना, सावली दखीसन बठना."

झाली ना जिरवाजिरवी? बरं वाटलं. तीन दिवस बरं वाटलं हो.

चौथ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी धान्याच्या खोलीत शिरलो. कणगीमागं हात घातला आणि हाताला गाठोडं लागलं. सोडलं. आत गोधडी. माझं धोतर, माझी बंडी, माझा फेटा, माझं उपरणं, सगळे चौकोन एकाला एक जोडलेले, कडेनं लाल धावदोरा, टाका असा बारीक की मुंगी अडखळावी. माझं कफन! डोळ्यात पाणी आलं, तुम्हाला सांगतो... आणि मग राग आला. मी ती अंगाला लावून बघितली. एक हात लांब! एवढीच? मला? मी काय वीतभर आहे? पाय कुठं जातील माझे?

तेवढ्यात पावलं वाजली. मी कणगीमागं दबून बसलो. रेवाबाई, सून आणि ती जसोदा, तिघी आत आल्या. आणि मी पहिल्यांदा सुनेचा आवाज नीट ऐकला, लग्नाला सहा वर्षं झाली तरी. बारीक आवाज.

"आत्याबाई, बाबासले कळी गयं तं?"

"त्याले काय कळस!" ही रेवाबाई.

आणि जसोदा म्हणते, "कळाले नको व माय. पिकेल म्हताराना आंगवरना कपडा, घाम लागेल, त्याले न इचारता लेवाना. त्यानी सोता दिधा तं गुन नई येस. आनि जठून लिधं ती जागा मोकळी ठेवानी नई, तठे कायतरी देवानं."

सून म्हणाली, "म्हनीसन मी राघू काढा."

तिची जोडवी वाजली, एकाच पायाची जरा जास्त. आणि मग सून म्हणाली, "या येळे तरी जगू दे."

मी कणगीला डोकं टेकून बसलो. म्हणजे कफन नव्हे, म्हाताऱ्याचं वय लागावं म्हणून बाळाची गोधडी! मला काय माहीत नव्हतं होय? सुनेला आधी दोन झाली होती. एक अकरा दिवस राहिलं, दुसरं महिनाही नाही. दोन्हींना नव्या कोऱ्या मलमलीत गुंडाळलं होतं, आणि ती मलमल तळोद्याहून कोणी आणली होती? मी. चांगली, महागाची बघून. आणि म्हणून ती पाठ करून बसते माझ्याकडे, पोट दिसू नये म्हणून... आणि मी काय समजत होतो? काय समजत होतो मी!

त्या गेल्या. मी उठलो, गोधडी पुन्हा हातात घेतली, हसतही होतो, रडतही होतो, म्हातारा माणूस, दोन्ही एकदम येतं. आणि मग बघतो तर काय... मधोमध! बाळाची पाठ टेकते त्या जागी! पट्ट्यापट्ट्याचा चौकोन!

उदेसिंगचा!

अहो, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास! तो तुकडा माझ्या नातवाच्या पाठीखाली! आणि सांगू कोणाला? सांगितलं तर मला कळलं हे त्यांना कळणार, म्हणजे अख्खी गोधडी वाया. नाही सांगितलं तर उदेसिंग मधोमध राहणार. उदेसिंग वाईट माणूस नाही, जगू दे बिचारा शंभर वर्षं, मी मोराबद्दल त्याची माफीही मागेन, पण तिथं नको!

मग मी खाली बसलो आणि जे दात बघून जसोदानं "चालस" म्हटलं होतं, त्याच दातांनी एक एक टाका तोडला. डावरीचा टाका, सुटता सुटत नाही! चौकोन काढला, कडा जरा चावून ठेवल्या, दोन-चार ज्वारीचे दाणे टाकले, म्हणजे कसं, उंदीर. हा बघा तुकडा, खिशात आहे.

दुसऱ्या दिवशी घरात ओरडा. उंदीर! उंदीर! आणि रेवाबाई ते भोक बघून म्हणते, "हाऊ कसा उंदीर व? पट्टासना तुकडाच खाधा, बाकीले हात नई लावा?" आणि हे बोलताना बघत होती माझ्याकडे. मी ज्वारीकडे बघत होतो. ती बोलली नाही. नजर ठेवली.

आता मधला चौकोन हवा, आणि माझ्या बाकी सगळ्या कपड्यांची भोकं झालेली, लपवलेला सदरा बाहेर काढावा तर मोर कुठं गेला म्हणून विचारतील. राहिला हा कोट. नंदुरबारला पहिली आगगाडी आली तेव्हा ती बघायला जायचं म्हणून शिवलेला. गावोगाव विलायती कपडे जाळत होते त्या साली मी हा कडब्यात पुरून ठेवला होता, पेटीत कुलूप लावून ठेवतो, किल्ली करगोट्याला. पण घाम पाहिजे ना घाम! पेटीतल्या कोटाला कुठला घाम? म्हणून चढवला. आज तिसरा दिवस. दुपारी खाटेवर पडतो, मागची पाती खाली सोडतो, नीट, हाताला येईल अशी, आणि घोरतो.

आणि त्या दोघी काय करतात? दाराआडनं बघतात! काल रेवाबाई कुजबुजत होती, "हाऊ झोपमा असा घोरस नई. काहीतरी लबाडी करी ऱ्हायना." पन्नास वर्षं मी तिच्यावर नजर ठेवली, आणि आता ही माझ्यावर संशय घेते! मी हातानं द्यायचं नाही, त्या मी जागा असताना घ्यायच्या नाहीत, आणि झोपलोय यावर कोणाचा विश्वास नाही... आणि दिवस भरत आलेत हो. जसोदा म्हणते, पंधरा दिवस राहिले.

श्श्... जोडवी वाजली. एकाच पायाची जरा जास्त वाजतात, तीच ती. कात्री डाव्या हातात असेल. सरका तुम्ही, तिकडे त्या लिंबाखाली जाऊन बसा, उदेसिंगचा म्हणा हवं तर. आणि कोणी विचारलं तर मला काही माहीत नाही. मला काय कळतं?

कोटाच्या मागं काय काढायचं ते काढू दे तिला. पोपटावर बसलोच होतो, हत्ती काढला तर हत्तीवर बसेन. आपण बोललो नाही. डोळे मिटले.

घुर्रर्र...