गणपतीला गावाला जाणारा भाडेकरू

काकू, राजन, बिल्डिंगमधले सगळे शेजारी, काकांचे गाववाले. कामधंदे टाकून आलात. दत्तूकाकांबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. वीस वर्षांत मी त्यांच्याशी हजारो शब्द बोललो असेन, आणि त्यांनी ऐकले फार थोडे. आता ऐकायला ते नाहीत, तर माझ्या हातात माईक आलाय. बोलणं जड जातंय. थोडा चिडून बोलेन, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, मी काकांचा पुतण्या. लालबागला माझं छोटं दुकान आहे, भाड्याचे करार करून देतो. काका मुलाकडे, राजनकडे, इथे डिलाईल रोडला राहायला आले तेव्हा चिंचपोकळीची त्यांची मालकीची खोली रिकामी झाली. ती भाड्याने द्यायची ठरली. मी खूश, घरचंच गिऱ्हाईक. पुढे काय वाढून ठेवलंय मला काय माहीत.

कारण काकांचा गणपती त्या खोलीत बसायचा. आजोबांपासून. आणि तो इकडे यायला तयार नव्हता. मी म्हटलं, काका, खोली भाड्याने दिली की भाडेकरूला पाच दिवस बाहेर काढता येत नाही. काका म्हणाले, "गणपती जागा बदलूचो नाय रे. तू भाडेकरू बघ तसो."

तसा म्हणजे कसा? गणपतीला गावाला जाणारा. बस, बाकी काही नको. नोकरी कुठे, आधी कुठे राहत होता, तिथून का निघाला, काही विचारायचं नाही. एकच प्रश्न, गणपतीला गावाला जाता ना? समोरचा हो म्हणाला की चावी त्याच्या हातात. अहो, मुंबईत घर शोधणारा माणूस हो नाही म्हणणार तर काय म्हणणार?

मी सांगायचो, पोलिसांत कळवा. "आपल्या तालुक्यातला आहे रे." मी सांगायचो, करार नोंदवा. "गाववाल्याकडे कागद मागू? काय वाटेल त्याला?" असा एक गाववाला खोली सोडताना पंखा, गिझर आणि मोरीचा नळ घेऊन गेला. मी विचारलं, चावी देण्याआधी फोटो काढले होते? काका म्हणाले, "नळाचा फोटो कोण काढतो?"

मी काढतो, काका. शहाणी माणसं काढतात.

इथे बसलेल्यांपैकी निदान चार जणांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. खाली बघू नका, मला माहीत आहे कोण ते. ऐका जरा. करार नोंदवा. भिंती, पंखे, नळ, मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढा आणि भाडेकरूच्याही मोबाईलवर पाठवा. त्याच्या आधीच्या घरमालकाला एक फोन करा. कागद कुठे ठेवलेत ते बायकोला सांगा. खोली दोघांच्या नावावर ठेवा. ही एक गोष्ट काकांनी ऐकली होती. त्या खोलीवर काकूंचं नाव आहे.

आता सुनीताबद्दल बोलतो. ती मागे बसली आहे. हॉस्पिटलात नर्स आहे, यवतमाळकडची. दोन वर्षांपूर्वी आली, काकांनी आपला प्रश्न विचारला, ती हो म्हणाली. निदान हिचा तरी कागद करा म्हणून मी हट्ट धरला, म्हणून दोन वर्षांचा करार झाला. पहिल्या गणपतीला ती बॅग घेऊन गेली. दुसऱ्या गणपतीलाही गेली. आणि तिसऱ्या दिवशी नारळ घेऊन आरतीला हजर. काका म्हणाले, "गावाहून कधी आलीस गो?" तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, "कसलं गाव, काका. आईवडील गेले, घर भावाने विकलं. पाच दिवस मी भायखळ्याला मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपते."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. काकू साक्षीला आहेत.

गेल्या महिन्यात तिचा करार संपला. काका माझ्या दुकानात आले. आपणहून. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "नवा करार कर. आणि त्यात लिही, गणपतीत ही खोलीतच राहील. गणपतीबरोबर." मी हसलो. म्हटलं, काका, असं कलम नसतं, तिला बाहेर जायला सांगण्याचा हक्कच तुम्हाला कधी नव्हता. ते म्हणाले, "नसू दे. तू लिही. मी नसलो तर पोरं तिला काढतील. लिहिलेलं बरं असतं, तूच सांगतोस ना?"

दुकानात दुसरी पार्टी बसली होती. मी म्हटलं, काका, उद्या या, काकूंना घेऊन. ते स्टुलावर थोडा वेळ बसले. मग बरं म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं.

मंडळी, जगाला कागद करा म्हणून ओरडणारा मी. आणि तो माणूस कागद करायला आला, त्याला मी परत पाठवलं.

परवा कळलं, राजनने सुनीताला महिनाअखेरीला खोली सोडायला सांगितलंय. मी तावातावाने विचारायला गेलो. राजन शांतपणे म्हणाला, "तूच सांगतोस ना दादा, करार संपला की एक दिवसही ठेवू नका. आणि गणपती तोंडावर आलाय." राजन, तुझी चूक नाही. मी सांगितलेलंच तू केलंस. पण मी जे सांगत होतो ते माणूस ओळखीचा नसताना करायचं असतं. हे मला काकांनी शिकवायला हवं होतं, आणि त्यांनी शिकवलंही. मीच लक्ष दिलं नाही.

शोकसभेला करार नोंदवायचं, अंगठा घ्यायचं मशीन घेऊन कोणी येतं का? मी आलोय. माझ्या पिशवीत आहे. कराराचा मसुदा तयार आहे, काकांनी सांगितलेलं वाक्य त्यात जसंच्या तसं घातलंय. कायद्याला त्याची गरज नाही. मला आहे.

काकू, जबरदस्ती नाही. खोली तुमची, निर्णय तुमचा. आपण सगळे आता उभे राहू आणि दोन मिनिटं काकांसाठी शांत राहू. ती झाली की मी तुमच्या शेजारी येऊन बसतो. तुम्ही नको म्हणालात तर पिशवी उचलून जाईन. सुनीता, तूही पुढे ये, आधार कार्ड घेऊन.

चला, उठूया.