मेहुण्याला वितळवणारी शेगडी

...सूड उगवायला घेतली हो मी ही शेगडी, दुसऱ्या कशाला नाही, आणि तुम्ही मला विचारता, लाकडी कांड्या जाळून फायदा काय? सांगतो. ऐका.

लिओनेल माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, रोझ-आल्माचा, धाकटा भाऊ. अख्ख्या गावाला घरं तापवायचं तेल हाच पुरवतो. मागच्या जानेवारीत उणे तीस, नदी दगड झालेली, आमची टाकी कोरडी, आणि ह्याचा टँकर आमच्या दारावरून सरळ पुढे. कुठे? तळ्याकाठी, बोस्टनच्या डॉक्टरकडे! दोन दिवस बायको घरात कानटोपी घालून वावरली. वर हा म्हणतो काय, "दाजी, घरचं माणूस थांबतं, गिऱ्हाईक थांबत नाही."

तेव्हाच ठरवलं. 'चुकलं माझं', हे दोन शब्द ह्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मरायचं नाही.

चाळीस वर्षं मी लाकडाच्या गिरणीत भुसा झाडला. तोच भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात. म्हणजे माझाच माल की नाही? ओंडके फोडायला नकोत, धूर नाही, एक पोतं ओतलं की शेगडी आपली आपण चिमूट चिमूट गिळत बसते, दिवसभर सारखी ऊब, आणि आठवड्याची राख किती, तर एक डबा. तेलाचा थेंब नाही!

रविवारी चर्चमधून लिओनेलला धरून आणला. कुट्टूच्या पिठाची धिरडी खाऊ घातली, शेगडीपुढच्या खुर्चीत बसवला, शेगडीचा उष्णतेचा काटा पार वर. मनात म्हटलं, वितळ. त्याने कोट काढला. स्वेटर काढला. बूट काढले. म्हणाला, माझी बायको घरात काटा चढवू देत नाही, म्हणते विकायचा माल जाळायचा नाही. मग कपाळ पुसत म्हणाला, "दाजी, त्या जानेवारीत मी..."

मी पुढे सरकलो.

घोरायला लागला.

उठवणार होतो. रोझ-आल्मा आडवी आली. आमच्या खोऱ्यात शेगडीपुढे झोपलेल्याला उठवत नाहीत, सासूबाईंचा नियम, आणि सासूबाई वारल्या तरी नियम जिवंत. दुसऱ्या दिवशी हा आपणहून हजर, स्वयंपाकघराच्या दारातून, न ठोठावता. तिसऱ्या दिवशी स्वतःची उशी घेऊन! आणि टँकर कुठे उभा? माझ्या अंगणात, दुपारभर. गाव म्हणतं, अल्सीद शेवटी परत तेलावर आला बरं का. मी! तेलावर!

बरं, शेगडी विझवावी, तर गारठतो कोण? मीच. काटा खाली केला, तर बायको वर करते, म्हणते माझ्या भावाला सर्दी होईल. ज्याने हिला कानटोपी घालायला लावली त्याला सर्दी! आणि रोज तेच... "दाजी, त्या जानेवारीत मी..." की मान खाली. अहो, ऊबच अशी, की माफी ओठापर्यंत येते आणि तिथेच पेंगते.

पण मी हटलो नाही. समोर खुर्ची टाकली, हात बांधले, डोळे त्याच्या तोंडावर. हे दोन शब्द ऐकल्याशिवाय मरायचं नाही. एक महिना बसलो.

काल म्हणाला तो. 'चुकलं माझं.' स्वच्छ, मोठ्याने, डोळ्यांत पाणी आणून.

रोझ-आल्मा सांगते. मी घोरत होतो.

त्याने मला उठवलं नाही म्हणे. नियम आहे ना.