म्हाताऱ्याचा जबडा

हो, तोच. टूथपेस्टच्या जाहिरातीतला आवाज. माझाच नवरा — म्हणजे कागदोपत्री. बाहुल्या बघायला येतात आणि चौकशी सगळी त्याची! अहो, असा कानाला धरून नका उचलू, आमच्या खेळातला सगळ्यात जुना आहे तो म्हातारा. विकायचा आहे म्हणून काय कान उपटायचे त्याचे? द्या इकडे, दाखवते. हात असा आत, अंगठा जबड्यात. मी हलवायची, नवरा बोलायचा — पडद्यामागे खांद्याला खांदा लावून. वाक्याआधी नाकातून एक चोरटा श्वास घ्यायचा. तो ऐकला की माझा अंगठा खाली, म्हाताऱ्याचं तोंड उघडं. लोक म्हणायचे, जिवंत आहे हो हा! मग काय, साहेब मोठे झाले. स्टुडिओत गेले. तिथे म्हणे श्वास कापून टाकतात, मशीनवर! मला कौतुकानं सांगतो — ‘अगं, एकदम स्वच्छ आवाज येतो.’ स्वच्छ! मी म्हटलं, मेलेला माणूसही श्वास घेत नाही, त्यालाच बोलव की. तर रुसला. आता घरी आला की कुजबुजतो, घसा जपायचा म्हणून. टूथपेस्टशी लाडात बोलायचं आणि बायकोशी कुजबुज!

दुसरा आवाज द्यायला? ठेवून बघितला ना एक. बरा होता बिचारा, पण त्याचा श्वास भलतीकडेच. म्हातारा आधी तोंड वासायचा, शब्द मागून यायचा. पोरं ओरडायची, आजोबा जांभई देतायत! खेळ गेले ते त्याच्यामुळे — माझा अंगठा बरोबरच पडत होता. आणि नवऱ्यावाचून माझं काही अडत नाही हं. ती जाहिरात तर मी ऐकतसुद्धा नाही, लागली की टीव्ही बंद. तर काय सांगत होते — शिवण पक्की आहे, डोळे नवीन बसवलेत —

लागली बघा. शेजारच्या दुकानात टीव्ही मोठा करून बसतात मेले. ऐका, ऐका कसा लाडात आलाय — ‘हसा मनमोकळं, अगदी मनापासून!’ आहे का कुठे श्वास? मनापासून म्हणे!

काय झालं? म्हाताऱ्याकडे काय बघताय?

हलला असेल जबडा. सवय असते हाताला. शब्दाला शब्द? छे, काहीतरीच. श्वास नाही तर कळलं कसं — काय चौकस आहात हो! पाठबीठ काही नाही. रोज कानावर पडतं, बस.

नाही, बांधून नाही देणार. विकायचा नाही तो. नाही म्हटलं ना एकदा!

जाताना दार ओढून घ्या. आणि त्या शेजारच्याला सांगा — नाही, राहू दे. काही सांगू नका.