लाल मुंगीचा रकाना

ज्यानं कुणी 'कीटक: मित्र की शत्रू' असा दोनच रकान्यांचा तक्ता छापला, त्यानं आमच्या एटापल्लीकडच्या शाळेत एक दिवस तरी काढायला हवा होता. माझ्यात आता भांडायचं त्राण नाही, म्हणून नुसतं सांगतो.

मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, परसबागेत अळी दिसली की औषध फवारणार. मी म्हटलं, औषध नको. वालाचा वेल ज्या आंब्यावर चढवलाय, त्यावर लाल मुंग्यांचं घरटं आहे, त्या मुंग्याच अळ्या खातील. चौथीच्या पोरांकडून लाल मुंगी 'मित्र' रकान्यात लिहूनही घेतली. मग दोन दिवस तापानं शाळेमागच्या खोलीत पडून होतो. पोरं जेवण आणून द्यायची.

तिसऱ्या दिवशी बागेत गेलो, तर घरटं गायब, वालाच्या पानांना भोकं, आणि मुख्याध्यापक फवारणीचा पंप धुवायला बसलेले.

"घरटं कुणी काढलं?" मी पोरांना विचारलं.

चौथीतली सोमी उठली. "आमी काढलं, सर."

"अगं, मित्र म्हणून लिहिलंत ना तिला? मित्राचं घर मोडतात?"

"तुमाले ताप होता ना, सर. तापाले तिचीच चटणी लागते."

मी शेजारीच बसलेल्या शाळेच्या स्वयंपाकाच्या बाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या.

"दोनी दिवस मांगून मांगून खाल्ली, सर," त्या म्हणाल्या. "तवा नाई इचारलं, कायची हाय म्हणून."