डांगे चौकातली दोन मिनिटं

आता तपशिलात माझी चूक होत असेल, सांभाळून घ्या; पण बहुतेक असंच घडलं होतं. चाकणच्या आमच्या कंपनीची बस डांगे चौकात सावंतांसाठी रोज थोडी थांबायची. अंथरुणावरच्या आईचं आवरून ते पळत यायचे, आणि बसमधले सगळे पत्रा वाजवून त्यांचं स्वागत करायचे. मग बसचं ॲप आलं. बस ॲपनं ठरवलेल्या मिनिटाला सुटू लागली, सावंतांची चुकू लागली. लेटमार्क इतके साचले की नोकरी जायची वेळ आली.

ॲप काढणारा तो नामांकित उद्योजक सत्काराला कंपनीत आला. भाषणात म्हणाला, "आम्ही जग बदलतोय." सावंत उभे राहिले. समारंभाची जबाबदारी माझ्याकडे होती; मी त्यांना हातानं बसायला खुणावलं.

"साहेब, डांगे चौकात दोन मिनिटं मिळतील का?"

तो हसला. "काका, जग कुणासाठी थांबत नाही."

"जग राहू द्या हो. बस थांबवा."

सभागृह हसलं. दुसऱ्या दिवसापासून बस खरंच थांबू लागली. पुन्हा पत्रा वाजू लागला. मोठी माणसं ऐकतात बरं का, असं मी कित्येक वर्षं सांगत फिरलो.

परवा थेरगावात आमचे तेव्हाचे ड्रायव्हर लांडगे भेटले. खात्री करावी म्हणून विचारलं, "ॲपमध्ये डांगे चौकात थांबायचा बदल त्या उद्योजकानं लगेच केला ना?"

"कसला बदल, साहेब? त्यात ट्रॅफिकमुळं उशीर झाला म्हणून सांगायचं बटण व्हतं. डांगे चौक आला की मी दाबायचो."