रोज सकाळी पाच मिनिटं

...अहो पण जपलं हो मी तिला! हाच माझा गुन्हा? तुम्हाला सांगतो, गाडी सासऱ्यांची. नजर गेली म्हणून मला दिली, चावी हातात ठेवताना म्हणाले, "जावईबापू, माझा जीव आहे हिच्यात, सांभाळा." मग सांभाळू नको? रोज सकाळी पाच मिनिटं जागच्या जागी सुरू करायची, बंद करायची, पुसायची! ऑफिस दोन किलोमीटर, तेवढंच चालवायचं, तेही तिसऱ्या गिअरच्या वर नाही! बायको म्हणायची, "आज मी घेते ना!" मी म्हणायचो, "तू? तू इंजिनाची वाट लावशील!"

आणि आता ती खोकायला लागली हो! जरा चढ आला की धापा, मागे काळा धूर... आणि रविवारी सासरे येणार! त्यांना दिसत नाही, पण कान? गाठलं मिस्त्रीला. त्यानं ऑइलचं झाकण उघडलं, आतून बोटभर काळा चिखल काढला आणि धरला माझ्या नाकासमोर! "साहेब, ऑइल कधी बदललं?" म्हटलं, "तीन वर्षांत गाडी चाललीये कुठे बदलायला?" "तेच तर! इंजिन धड तापतच नाही, सगळं आत साचतं. बाहेरून आरसा, आत गटार! ऑइल बदलतो, पण नंतर मोकळ्या रस्त्यावर तासभर दामटा, नाहीतर इंजिन खोलावं लागेल." दामटा! मी! अहो, काटा साठावर गेला की मी रामनाम सुरू करतो! ऑइल बदललं, दामटायचं तेवढं राहिलं... पण जपलं हो मी तिला!

रविवारी सासरे शेजारी बसले, बायको मागे. मी अलगद निघालो. त्यांनी कान टवकारले. मग हळूच म्हणाले, "ही माझी गाडी नाही." मी घाईघाईनं म्हटलं, "बाबा, तीच आहे, बघा ना..." बघा म्हणालो हो! कुणाला, तर त्यांना! जीभ का झडली नाही माझी?

"जावईबापू, थांबवा. चावी पोरीला द्या."

बायकोनं बाह्या सरसावल्या. चौथा गिअर, पाचवा... मागच्या सीटवर मी डोळे गच्च मिटून, मागे धुराचा लोट, मग थोडा, मग... तासाभरानं इंजिनाचा आवाज असा मोकळा झाला की सासऱ्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि रडायलाच लागले. "आली गं, आली माझी गाडी!"

आता दर रविवारी बाप-लेक पुढे, मी मागे. जपलं हो मी तिला, पण माझ्याकडे उरलं काय? फडकं! परवा सासऱ्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, म्हणाले, "काही म्हणा, पुसण्यात जावईबापूंचा हात कुणी धरणार नाही!"