आमच्या ग्रुपचं एकुलतं एक मत

ऐंशी सालची गंमत ऐका. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या अख्ख्या मराठी ग्रुपमध्ये अमेरिकन सिटिझन एकटा दिल्या. त्यामुळे प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी एकेका पक्षाचा उमेदवार निवडतात त्या मतदानात, त्याने मत कुणाला द्यायचं, हे आम्ही सगळे मिळून ठरवत होतो. "आवडतो कोण ते सोड यार, नोव्हेंबरमध्ये जिंकेल कोण ते बोल!" असं भांडून भांडून शेवटी डेमोक्रॅट्सपैकी एक पक्का केला.

दिल्या मत देऊन आला तो चेहरा पाडून. "मी रिपब्लिकनांची मतपत्रिका घेतली रे."

"काय?"

"कुठल्या पक्षाची पाहिजे ते मतदान केंद्रात टेबलाशी तोंडाने सांगावं लागतं. आणि टेबलाशी कोण, तर माझी शेजारीण! कट्टर रिपब्लिकन. बर्फात माझी गाडी रुतली की तिचाच नवरा ढकलायला येतो. तिच्या तोंडावर कसं सांगू?"

मी कपाळावर हात मारला. "मग मत दिलंस कुणाला?"

"तिथे डोकं चालवलं! त्यांच्यातला जो नोव्हेंबरमध्ये हमखास पडेल, त्या म्हाताऱ्याला दिलं."

आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

नोव्हेंबरमध्ये म्हातारा दणक्यात निवडून आला. दुसऱ्या दिवशी शेजारीण केक घेऊन दिल्याच्या दारात हजर. "आपला माणूस जिंकला!"

दिल्याने तोही भिडेखातर घेतला.